अपडेट 'ऑटोमॅटिक' होतं, पण कॉम्प्युटर बंद होता

५ जानेवारी २०२५, रविवार. बाबांच्या लॅपटॉपला प्रिंटर जोडायचा होता, दहा मिनिटांचं काम. त्यासाठी एक पॅकेज (सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा) टाकायला गेले तर टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ४०४, फाइल सापडत नाही. परत केलं, परत ४०४. मग लक्षात आलं की या लॅपटॉपकडे पॅकेजेसची जी यादी आहे ती इतकी जुनी झालीय की तिच्यात लिहिलेली आवृत्ती सर्व्हरवरून केव्हाच काढून टाकलीय. यादी ताजी केली आणि समोर आकडा आला, १८७ पॅकेजेस अपग्रेड व्हायची बाकी. त्यातली बरीच सिक्युरिटीची.

आता यात मला लाज वाटण्यासारखी गोष्ट ही की उबंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) त्या लॅपटॉपवर मीच टाकून दिलेलं आणि सिक्युरिटी अपडेट्स आपोआप येतील ही सेटिंगही मीच दोनदा बघितलेली. चालूच होती. आजही चालूच होती! ब्राउजरसुद्धा नेहमी ताजा दिसायचा, त्यामुळे संशय यायचं काही कारणच नव्हतं. नंतर कळलं की ब्राउजर स्नॅप नावाच्या वेगळ्या व्यवस्थेतून येतो आणि स्नॅप आपलं आपलं दिवसातून ४ वेळा नवीन काही आहे का बघतं, त्याचा या बाकीच्या पॅकेजेसशी काही संबंध नाही.

यादी शेवटची नीट ताजी झाली ती तारीख एका फाइलवर सापडली, २३ ऑक्टोबर. म्हणजे ७४ दिवस. तुम्ही म्हणाल अडीच महिन्यांनी काय होतंय. तर २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडकवून खंडणी मागणारं मालवेअर पसरलं ना, १२ मे ला, त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, १४ मार्चलाच आलेला होता, ५९ दिवस आधी. ते विंडोजचं होतं, इथे लिनक्स आहे, मान्य, पण हिशोब तोच. पॅच येणं आणि तो आपल्या मशीनवर बसणं यांच्यात किती दिवस जातात एवढाच प्रश्न असतो.

त्या दिवशी हातानेच अपडेट केलं, ९०० एमबीच्या आसपास डाउनलोड आणि सगळं मिळून ५० मिनिटं. बाबा शेजारी बसून विचारत होते, "अगं, प्रिंटरला एवढा वेळ लागतो?"

मी सिस्टम ॲडमिन वगैरे नाही. लिनक्स वापरते आणि अडलं की वाचते, इतकंच. घरात ३ कॉम्प्युटर आहेत आणि त्यातला एकही दिवसभर चालू नसतो. बाबांचा लॅपटॉप संध्याकाळी साधारण ७ ते ८, मग शिस्तीत शटडाउन. माझा लॅपटॉप कधीच शटडाउन होत नाही, झाकण बंद केलं की झोपतो. आणि दादाचा विंडोजवाला डेस्कटॉप, जो फक्त सुट्टीच्या दिवशी उठतो. या तिघांना वेळेवर अपडेट मिळतील असं करायला मला जवळजवळ ९ आठवडे लागले, पैसे काहीच नाही पण संध्याकाळी बऱ्याच गेल्या. कोणाला यातून जायचं असेल तर त्याच्या थोड्या वाचाव्यात म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय.

पहिली चूक ६ जानेवारीची. मला शेड्यूल म्हटलं की एकच गोष्ट माहीत, क्रॉन. तर क्रॉनमध्ये ओळ टाकली, रोज पहाटे ३ वाजता यादी ताजी कर आणि अपग्रेड कर. ३ का, तर सगळे ट्युटोरियलवाले ३ च लिहितात. तीन दिवस वाट बघितली. काहीही झालं नाही. चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की पहाटे ३ वाजता लॅपटॉप कपाटात असतो. हसू नका. क्रॉन हे १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून चालत आलेलं आहे आणि तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीत कायम चालू असलेलं यंत्र. ठरलेल्या मिनिटाला मशीन चालू असेल तर क्रॉन काम करतं, नसेल तर तो क्षण गेला, नंतर आठवण वगैरे काही ठेवत नाही.

मग वाचताना अ‍ॅनाक्रॉन सापडलं, जे बरोबर याच दुखण्यावरचं औषध आहे. ते घड्याळ बघत नाही, दिवस मोजतं. हे काम दर १ दिवसाने, हे दर ७ दिवसांनी, आणि शेवटचं कधी केलं त्याची तारीख एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. मशीन चालू झालं की तारीख बघतं, दिवस उलटले असतील तर काही मिनिटं थांबून काम करतं. मी खूश. त्यात ते आधीपासून इन्स्टॉल होतं, आणि रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये एपीटीच्या (उबंटूवर पॅकेजेस आणणारं साधन) नावाची एक फाइलही होती. मग अपडेट का होत नव्हतं? फाइल उघडली तर सुरुवातीलाच लिहिलेलं, सिस्टम-डी (मशीनवरची पडद्यामागची कामं सुरू करणारा प्रोग्राम) चालू असेल तर काही न करता बाहेर पड. झालं. म्हणजे ती फाइल फक्त सिस्टम-डी नसलेल्या मशीनसाठी ठेवलेली, हल्लीच्या उबंटूवर शोभेची. वर अजून एक, अ‍ॅनाक्रॉन लॅपटॉप बॅटरीवर असेल तर सुरूच होत नाही. १२ जानेवारीचा अख्खा रविवार एवढं कळण्यात गेला. (बॅटरीची गोष्ट तेव्हा मी वाचून सोडून दिली, ती नको होती सोडायला.)

१४ जानेवारीला शेवटी खरा मालक सापडला, सिस्टम-डीचे टायमर. सिस्टम-सीटीएल या सिस्टम-डीच्या कमांडला टायमरची यादी मागितली की एक तक्ता येतो, पुढची वेळ कधी, मागची कधी, कोणता टायमर कोणतं काम सुरू करतो. त्यात अपडेटशी संबंधित दोन टायमर असतात आणि हे दोन वेगळे आहेत हे कळणं फार महत्त्वाचं आहे. एक एपीटी-डेली, हा फक्त यादी ताजी करतो आणि सांगितलं असेल तर पॅकेजेस उतरवून ठेवतो. दुसरा एपीटी-डेली-अपग्रेड, हा अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाच्या आपोआप अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रामला बोलावतो आणि तो प्रत्यक्ष बसवतो. दुसरा स्वतः यादी ताजी करत नाही. म्हणजे पहिला चुकला तर दुसरा रोज इमानदारीत येऊन जुन्या यादीकडे बघून "नवीन काही नाही" म्हणून निघून जाणार.

तक्त्यात एपीटी-डेली-अपग्रेडची मागची वेळ होती काल संध्याकाळी ७:४१. काल! म्हणजे टायमर चालतोय की. इथे मी अजून एक संध्याकाळ घालवली कारण मला वाटलं टायमर चालला म्हणजे काम झालं. तसं नसतं. तो रकाना फक्त सांगतो की घंटा वाजवली. दारात कोणी आलं का, आत काय झालं, ते त्या तक्त्यात नसतं. जर्नल, म्हणजे सिस्टम-डीची नोंदवही, उघडून त्या मिनिटाच्या ओळी बघितल्या तेव्हा दिसलं की अट पूर्ण न झाल्यामुळे काम वगळलं. कोणती अट? मशीन चार्जरवर असण्याची. बाबा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात, वायर नको असते त्यांना. आणि वगळलं तरी टायमरच्या लेखी आजची पाळी झाली, आता भेटू उद्या.

एक कोडं सुटलं, पण पहिल्या टायमरचं काय? एपीटी-डेली मागचे कित्येक दिवस वाजलाच नव्हता. त्याची मूळ सेटिंग बघितली तर दिवसातून दोनदा, सकाळी ६ आणि संध्याकाळी ६. त्यात पर्सिस्टंट नावाची सेटिंग चालू, म्हणजे मशीन बंद असताना वेळ हुकली तर चालू झाल्यावर भरून काढायची. वाचायला अगदी आपल्यासाठीच केल्यासारखं. मग खाली एक ओळ, रँडम डिले १२ तास.

हे १२ तास का, तर जगातली सगळी उबंटू मशीन्स ठोक ६ वाजता सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून. प्रत्येकाने ६ नंतर १२ तासांत कुठलीतरी एक वेळ चिठ्ठी काढून ठरवायची. कल्पना चांगलीच आहे आणि दिवसभर चालू असलेल्या मशीनला याने काडीचा फरक पडत नाही. पण सिस्टम-डीच्या मॅन्युअलमध्ये पर्सिस्टंटच्या खालीच एक वाक्य आहे जे मी आधी दोनदा वाचून पुढे गेले होते, की हुकलेली वेळ भरून काढतानाही हा रँडम डिले लागू होतो. म्हणजे काय होतंय बघा, बाबा ७ वाजता लॅपटॉप चालू करतात, टायमर म्हणतो अरेच्चा ६ ची पाळी हुकली, भरून काढू, आणि आतापासून १२ तासांतली एक वेळ काढतो, समजा रात्री पावणेबारा. ८ वाजता बाबा शटडाउन करतात. दुसऱ्या दिवशी परत ७ ला चालू, परत नवीन चिठ्ठी, या वेळी पहाटे साडेचार. असं रोज.

मी कागदावर मांडून बघितलं. रोज १ तास मशीन चालू असेल तर त्या तासात चिठ्ठी लागण्याची शक्यता १२ मध्ये १. आणि बाबा चार्जर लावून बसतात चार दिवसांतून एखादा दिवस, म्हणजे ४८ मध्ये १. म्हणजे अख्खा महिना यादी एकदाही ताजी न होण्याची शक्यता निम्म्याच्या थोडी वरच जाते. ७४ दिवस हे काही फार मोठं दुर्दैव नव्हतं, व्हायचं तेच झालं होतं. हे कळल्यावर मला खरं सांगते, बरं वाटलं. काही बिघडलेलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं, फक्त लॅपटॉप जागा असण्याची वेळ आणि शेड्यूलची वेळ यांची गाठच पडत नव्हती.

१८-१९ जानेवारीला दुरुस्ती केली. मूळ फाइलला हात लावायचा नाही हे आधीच सांगते, पुढच्या अपडेटमध्ये ती बदलून जाऊ शकते. सिस्टम-सीटीएलला एडिट सांगून टायमरचं नाव दिलं की एक रिकामी फाइल उघडते, त्यात फक्त आपल्याला बदलायच्या ओळी लिहायच्या, त्या मूळ फाइलच्या वरचढ ठरतात. एपीटी-डेलीमध्ये मी रँडम डिले १२ तासांवरून ३ मिनिटांवर आणला, वेळ रोज एकदा. दुसऱ्या टायमरची घड्याळाची वेळच काढून टाकली आणि लिहिलं की बूट झाल्यावर, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर, १५ मिनिटांनी. बाबांच्या लॅपटॉपला हे चपखल बसतं कारण तो रोज बूट होतो.

इथे माझी गोची झाली ती ऐका. वेळेची ओळ ही यादीसारखी वागते, नवीन लिहिली तर जुनीत भर पडते, जुनी जात नाही. आधी तीच ओळ बरोबरच्या चिन्हापुढे रिकामी सोडून लिहायची, मग खाली नवीन. मी रिकामी ओळ टाकलीच नव्हती, त्यामुळे जुनी सकाळ-संध्याकाळची वेळही होती आणि नवीनही. बदल केल्यावर टायमरच्या तक्त्यात पुढची वेळ बघून घ्यायची, आणि सिस्टम-डी-ॲनालाइझ या कमांडला वेळेचा मजकूर दिला तर तो पुढची पाळी कधी येईल तेही सांगतो. ही दोन मिनिटं घालवा, माझी ती पूर्ण संध्याकाळ गेली.

बॅटरीचं काय करायचं यावर मी दोन दिवस विचार केला. अट काढून टाकता येते, टायमर जे काम सुरू करतो त्या सर्व्हिसमध्येही आणि अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही, दोन्हीकडे बघावं लागतं. पण बाबांची बॅटरी जुनी आहे, ३० टक्क्यांवरून थेट बंद पडते, आणि पॅकेज बसवताना मशीन बंद पडणं ही काही चांगली गोष्ट नाही. शेवटी मधला मार्ग काढला. यादी ताजी करणं आणि पॅकेजेस उतरवून ठेवणं बॅटरीवरही चालेल, बसवणं मात्र चार्जरवरच. उतरवून ठेवायची सेटिंग वेगळी चालू करावी लागली, पण त्यामुळे चार्जर लागेल त्या दिवशी फक्त बसवायचंच काम उरतं, ते बहुतेक वेळा ५-७ मिनिटांत होतं. आणि बाबांना सांगितलं, आठवड्यातून दोनदा वायर लावून बसा. "कोणत्या दोन दिवशी?" हे त्यांनी विचारलं, आणि कॅलेंडरवर खूण केली. शेड्यूलिंग बाबांकडून शिकावं.

२० जानेवारी, सोमवार, मी उत्सुकतेने बघतेय, यादी ताजी झाली का. नाही. २१ लाही नाही. जर्नल म्हणतंय सर्व्हरचं नाव सापडलं नाही, म्हणजे नेटच नाही. पण वायफाय तर चालू आहे! यात गंमत अशी की बाबा लॅपटॉप सुरू करतात आणि चहा आणायला जातात, पासवर्ड टाकतात पाच-सात मिनिटांनी. आणि वायफायचा पासवर्ड त्यांच्या लॉगिनपुरता सेव्ह केलेला, म्हणजे लॉगिन होईपर्यंत मशीनला नेट नाही. काम सुरू व्हायच्या आधी नेटची थोडा वेळ वाट बघितली जाते खरी, पण चहा उकळेपर्यंत नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या तपशिलात इतर युजर्सनाही हे नेटवर्क उपलब्ध करायची एक टिकमार्क आहे, ती केली. २२ जानेवारीला पहिल्यांदा यादी आपोआप ताजी झाली, आणि २३ ला बाबांचा चार्जरचा दिवस होता त्या दिवशी ११ पॅकेजेस आपोआप बसली. लॉगमध्ये ते बघून मी उगाचच बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बरं. प्रिंटर चालतोय ना?"

मग २९ जानेवारीला पडझड. बाबांना त्या दिवशी लवकर उठायचं होतं, शटडाउन केलं, स्क्रीनवर मेसेज आला की अपडेट चालू आहे, बंद करू नका. ते थोडं थांबले आणि मग पॉवरचं बटण दाबून धरलं. त्यांची चूक नाही, मी सांगितलंच नव्हतं की असा मेसेज येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी अपग्रेड अडकलं, डीपीकेजी (पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम) मध्येच थांबलंय, कॉन्फिगरची कमांड हाताने चालवा. ती एक कमांड चालवली, दोन मिनिटांत सगळं सुरळीत झालं, घाबरायचं काही नव्हतं, पण मी अर्धा तास घाबरले होते. दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या सेटिंगमध्ये छोट्या छोट्या टप्प्यांत बसवण्याचा पर्याय असतो तो चालू आहे ना हे बघितलं, म्हणजे मध्ये थांबवलं तर चालू टप्पा संपवून तो शहाण्यासारखा थांबतो. दुसरं, लॅपटॉपच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली, 'थांबा असं आलं तर थांबा'. दुसरा उपाय जास्त उपयोगी पडला.

मधल्या काळात माझी एक हुशारी. म्हटलं, लॅपटॉपला रात्री आपणच उठवलं तर? आरटीसी-वेक म्हणून कमांड आहे, मदरबोर्डच्या घड्याळात अलार्म लावते आणि मशीन पूर्ण बंद असलं तरी उठतं, बायॉसची (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) साथ असेल तर. बाबांच्या लॅपटॉपला ती आहे. २ फेब्रुवारीच्या रात्री अलार्म लावला, २ वाजता उठ, अपडेट कर, झोप. सकाळी बघते तर बॅटरी शून्य. झालं काय, तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, मशीन २ वाजता उठलं आणि डिस्कचा पासवर्ड मागत रात्रभर तसंच बसून राहिलं. तो नाद तिथेच सोडला. बंद लॅपटॉप कपाटात किंवा बॅगेत आपोआप सुरू होऊन तापत बसणं हे तसंही मला पटत नव्हतंच.

आता माझा लॅपटॉप, त्यावर डेबियन १२, हेही लिनक्सच. ८ फेब्रुवारीला तपासायला घेतला, मनाची तयारी करून, की इथेही तसंच असणार. तर नव्हतं! यादी कालची, पॅकेजेस सगळी ताजी, रँडम डिले तोच १२ तासांचा. बराच वेळ कळेना. मग उमगलं की मी शटडाउन करतच नाही. मशीन झोपलं तर एकदा काढलेली चिठ्ठी तशीच राहते, उठल्यावर ती वेळ उलटून गेलेली असेल तर काम लगेच सुरू होतं. शटडाउन केलं की चिठ्ठी फाडली जाते आणि पुढच्या बूटला नवीन. म्हणजे रोज नीट शटडाउन करणाऱ्या शहाण्या माणसाचं अपडेट हुकत होतं आणि झाकण आपटून जाणारीचं व्यवस्थित चाललं होतं.

पण माझी पण खोड निघालीच. नवीन कर्नल (सिस्टमचा गाभा) बसलेलं होतं, चालत होतं मात्र ४१ दिवसांपूर्वीचं जुनं, कारण रीबूट केलेलाच नाही. व्हार-रन नावाच्या फोल्डरमध्ये रीबूट हवा म्हणणारी फाइल येऊन पडलेली होती, ती बघणार कोण. आपोआप रीबूटची सेटिंग असते पण ती मी मुद्दाम बंदच ठेवली, अर्धवट लिहिलेलं काम उडालं तर कोणाला बोलणार. त्याऐवजी दर शनिवारी मी स्वतः रीबूट करते. बाबांना हा प्रश्नच नाही, त्यांचा रीबूट रोज फुकटात होतो. आणि हो, बूटनंतर १५ मिनिटांनी वाली युक्ती माझ्यासारख्यांनी लावू नका, मशीन आठवडाभर बूटच होत नसेल तर ती आठवड्यातून एकदाच लागेल. झोपणाऱ्या मशीनला घड्याळाची वेळ आणि पर्सिस्टंट, बंद होणाऱ्याला बूटपासून मोजणं.

राहिला दादाचा विंडोजवाला डेस्कटॉप. इथे मला वाटलं फार काही नसेल, सगळं बटणांवर असतं. १६ फेब्रुवारीला बसलो दोघं. महिन्याचं मोठं अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं, म्हणजे त्या महिन्यात ११ तारखेला, आणि दादाचं जानेवारीचंही झालेलं नव्हतं. दादा म्हणाला, "मी दर रविवारी चालू करतो की." करतो, पण ४० मिनिटं, फोटो कॉपी करण्यापुरता. मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या सुरुवातीला स्वतःच सांगितलेलं वाचनात आलं, की अपडेट आल्यानंतर मशीन एकूण निदान ६ तास आणि त्यातले सलग २ तास ऑनलाइन असेल तर ते खात्रीने बसतं. ४० मिनिटांनी दर रविवारी ६ तास व्हायला ९ रविवार लागतील आणि सलग २ तास तर कधीच होणार नाहीत.

त्यात वायफाय मीटर्ड, म्हणजे डेटा मोजून वापरायचा असं, करून ठेवलेलं. कधीतरी मोबाइलच्या हॉटस्पॉटसाठी केलेलं ते तसंच राहिलं होतं, आणि मीटर्ड नेटवर विंडोज मोठी डाउनलोड्स टाळतं. ते काढलं. शटडाउन केलं तरी फास्ट स्टार्टअप या विंडोजच्या सेटिंगमुळे कर्नल पूर्ण नव्याने सुरू होत नाही, खरं नव्याने सुरू करायचं तर रीस्टार्टच दाबावं लागतं, हे दादाला पटवायला वेळ लागला. "बंद केलं म्हणजे बंद केलं!" मग टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम, म्हणजे किती वेळ सलग चालू आहे ते, दाखवला, ९ दिवस, आणि तो आदल्या रविवारीही बंद केलेला. तेव्हा गप्प बसला.

बाकीच्या ॲप्ससाठी विंगेट या विंडोजच्या कमांडने सगळं अपग्रेड करायचं एक टास्क शेड्यूलरमध्ये टाकलं, रविवारी सकाळी ११ ला. इथेही तीच क्रॉनवाली खाच आहे, ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर टास्क हुकतं आणि विसरलं जातं. सेटिंग्जच्या टॅबमध्ये 'वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा' अशा अर्थाची टिकमार्क असते, ती आपण करावी लागते, आधीपासून नसते. केल्यावरही लगेच चालत नाही, साधारण १० मिनिटं थांबून चालतं, तेव्हा मशीन सुरू केल्या केल्या 'चाललं नाही' म्हणून परत सेटिंग्ज उकरू नका, मी उकरल्या. शेजारच्या कंडिशन्सच्या टॅबमध्ये नेट असेल तरच चालवा हे लावा. लॅपटॉप असेल तर तिथेच चार्जरवर असेल तरच, ही टिकमार्क आधीपासून असते हेही बघून घ्या, मांडीवर घेऊन बसणारे बाबा सगळीकडे असतात.

दादाशी ठरलं की दुसऱ्या मंगळवारनंतरच्या रविवारी डेस्कटॉप सकाळी चालू करायचा आणि दुपारी जेवून बंद करायचा. याहून जास्त ऑटोमॅटिक मला त्याचं करता आलं नाही. २३ फेब्रुवारीला ३ तास चालू ठेवला, दोन रीस्टार्ट झाले, आणि जानेवारी-फेब्रुवारीचा सगळा हिशोब चुकता.

आता महिन्यातून एकदा मी तपासते. टायमरच्या तक्त्यावर विश्वास ठेवत नाही. बाबांच्या लॅपटॉपवर व्हार-लिब-एपीटीच्या आत पिरिऑडिक फोल्डर आहे, त्यात अपडेट-सक्सेस-स्टँप नावाची रिकामी फाइल असते, यादी खरोखर ताजी झाली तरच तिची तारीख पुढे सरकते. ती तारीख आणि अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या लॉगची शेवटची ओळ, दोनच गोष्टी. काल ९ मार्चला बघितलं, स्टँप परवाची, संध्याकाळी ७:०६, शेवटचं अपग्रेड गुरुवारचं. बाबांच्या कॅलेंडरवर गुरुवारपुढे बरोबरची खूण होती.

प्रिंटर मात्र अजून जोडलेला नाही.